कुलूपबंद पिस्तूल

"पोरी, अल्बिनाला सांग, जेवण झाकून ठेव म्हणावं. थोडा उशीर होईल."

चौतीस वर्षं उलटली, पण व्हर्लीनच्या कानातून तो आवाज गेला नव्हता. तेव्हा ती कोवारांच्या घरात नवी सून होती. नवरा हवाई दलात, थायलंडच्या तळावर. धाकटा दीर शाळेत गेलेला. घरात ती आणि सासू अल्बिना. सकाळपासून रेडिओ एकच धोशा लावून बसला होता. कुणा एकानं चौऱ्याण्णव माणसांसकट विमान पळवलं होतं, ते हवानाला उतरलं होतं, आणि ते चालवणारे कॅप्टन होते तिचे सासरे, लॅडी कोवार. सासूबाई मागच्या पायरीवर बसल्या त्या बसल्याच. हाताचं पीठ हातावरच वाळलं. संध्याकाळी फोन वाजला तो व्हर्लीननं उचलला. मायामीहून सासरे बोलत होते. ना थरथर, ना घाई. शेतात नांगर अडकला म्हणून उशीर होणारा माणूस बोलेल, तसा आवाज. जेवण झाकून ठेव.

त्या दिवसाबद्दल त्यापुढं ते एक अक्षर बोलले नाहीत. पेपरवाले येऊन गेले, कंपनीचे साहेब येऊन गेले, पोटचा मुलगा विचारून थकला. "उतरलो. परत आलो." तीन शब्दांची ती कहाणी, तिला चौथा शब्द कधी फुटला नाही.

आज, मे महिन्यातल्या लख्ख शुक्रवारी, तो आवाज पुन्हा आठवला तो पाण्याच्या कमानीखाली. सिअ‍ॅटलहून निघालेलं विमान डॅलसला टेकलं आणि धावपट्टीवरून हळूहळू आत येऊ लागलं, तसे दोन्ही बाजूंना उभे असलेले आगीचे बंब पाणी उडवू लागले. खिडकीच्या काचेवर पाणी सळसळलं, त्यात ऊन शिरलं, आणि क्षणभर साऱ्या विमानाला इंद्रधनुष्याची झालर लागली. वैमानिकांच्यात ही रीतच. साठ पूर्ण झाली की कायद्यानं कॅप्टनची खुर्ची सुटते, आणि शेवटच्या फेरीला त्याला असं न्हाऊ घालतात. घरची माणसं मागं प्रवाशांत बसून येतात. व्हर्लीन चौथ्या रांगेत होती. एका बाजूला अठ्ठ्याऐंशी वर्षांचे सासरे, दुसऱ्या बाजूला निवृत्त पोलीस दीर लूमिर. पुढं दाराआड डाव्या खुर्चीत नवरा मार्विन, आणि उजव्या खुर्चीत, त्याची मदतनीस वैमानिक म्हणून, तिची स्वतःची लेक कॉरीन. बाप-लेकीला शेवटची चार दिवसांची फेरी एकत्र मिळावी म्हणून कंपनीतल्या कुणा भल्या माणसानं वेळापत्रक जुळवून दिलं होतं.

चाकं थांबली आणि व्हर्लीनच्या छातीतला श्वास, जो नवऱ्याच्या कंपनीतल्या बत्तीस वर्षांत कुठंतरी वरच अडकला होता, तो जमिनीवर आला. सासूबाई कोलाचेचं, त्या सारणाच्या गोड पावांचं, पीठ मळताना एक गाणं गुणगुणायच्या. चेक मुलखातल्या मोरावियाहून आलेल्या कुठल्या आजीच्या आजीचं, नवरा लढाईवर गेलेल्या बाईचं. अल्बिनानं त्यात आपला नवरा बसवला होता:

आभाळाच्या वाटे गेला, वाट दिसेना दिसेना,
उंबऱ्याला पाय लागे, तोवर घास उतरेना.

"वहिनी, रडतेस काय," लूमिर म्हणाला. "कैदी सुटताना आम्ही त्याला एवढं पाणी नव्हतो मारत."

"तू गप. मला रडू दे. हे सुखाचं आहे."

*

दुपारचं जेवण हँगरमध्ये होतं. कोवारांचं घर वैमानिकांच्या वसाहतीत. इथं प्रत्येकाच्या परसात मोटारीच्या जागी विमान ठेवायचा पत्र्याचा हँगर, आणि कुंपणापलीकडं गावकीची एक छोटी धावपट्टी. मार्विननं आपलं दोन आसनी पिवळं विमान ढकलून बाहेर उन्हात उभं केलं होतं आणि त्या जागी लांब टेबल मांडलं होतं. शेजारीपाजारी आले, रात्रभर धुरावर शिजलेलं गोमांस, घेवड्याची उसळ, लोणच्यातली भेंडी असं सगळं चापून, मार्विनच्या पाठीवर थापा मारून, तीनच्या सुमाराला पांगले. उरली ती घरची पाच माणसं आणि एक मोठा पंखा. पत्र्याखालची गरम हवा तो नुसतीच इकडची तिकडं करत होता.

मार्विननं पोशाखाचा कोट अजून उतरवला नव्हता. टेबलाच्या टोकाला उभा राहून त्यानं थंड चहाचा पेला उचलला.

"आता घरचेच आहोत," तो म्हणाला. "एक गोष्ट सांगायची राहिली. आजवर सांगायला बंदी होती. उद्यापासून मी साधा नागरिक, म्हणून सांगतो. गेली तीन वर्षं मी कॉकपिटात पिस्तूल घेऊन बसत होतो."

पंखा घरघरत राहिला.

"हे गुपित होय?" लूमिर भेंडीचं देठ काढत म्हणाला. "तीन वर्षं तू चर्चमध्ये उजवं कोपर फाकवून बसतोस. मी म्हटलं, कॅप्टनच्या कमरेत वात शिरला."

कॉरीन हसली. मार्विनही हसला, पण त्याचं बोलणं अजून संपलं नव्हतं. "सरकारनं नेमलेले आम्ही थोडे आहोत. न्यू मेक्सिकोत आर्टेशियाला आठवडाभर शिकवतात, स्वतःची रजा टाकून जायचं. मी आज उतरल्याबरोबर माझं परत केलं. सही केली, पेटी दिली, संपलं." त्यानं लेकीकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "पण जागा रिकामी राहणार नाही. सोमवारी आपली कॉरीन आर्टेशियाला जाते आहे. तिसरी पिढी!"

व्हर्लीनच्या हातातला चमचा उसळीत तसाच राहिला.

नवऱ्याचं तिला माहीत होतं. बायकोला सांगायची मुभा होती. तीन वर्षं तो घरी आला की कपड्यांच्या कपाटात पोलादी पेटीचं झाकण खट्ट वाजायचं, निघाला की पुन्हा खट्ट. त्या दोन आवाजांमध्ये तिचं घर असायचं. आज सकाळी ती मनात म्हणाली होती, सुटले. आज ती पेटी गेली, आता कपाटात नुसते कपडे. आणि दुपार कलते न कलते तोच तीच पेटी लेकीच्या घरी निघाली.

ती कॉरीनकडं वळली. "तू अर्ज कधी केलास?"

"हिवाळ्यात," कॉरीन म्हणाली. कोलाचेची कड मोडून ती ताटलीत चुरत होती. नजर वर नव्हती.

"मला सांगितलं नाहीस."

"सांगायचं नसतं गं," मार्विन मध्ये पडला. "नियम आहे."

"तुझ्या नियमात बायको बसते आणि आई बसत नाही का?"

"व्हर्लीन, आज भांडू नकोस. आज माझा दिवस आहे."

"तुझाच आहे. तुझा दिवस, तुझं पिस्तूल, तुझी तिसरी पिढी. मी फक्त नऊ महिने पोटात वागवलं."

"झालं!" लूमिर पुटपुटला. मग ओठ पुसून त्यानं खुर्ची पुढं ओढली. एकतीस वर्षं शेरीफच्या हाताखाली पोलीस म्हणून काढलेला माणूस. बोलायला लागला की आपोआप त्याचा अंगठा पट्ट्यात जायचा. "मार्विन, मी थोरल्या भावाशी शहाणपणा करत नाही. पण हे माझं खातं आहे. एकतीस वर्षं कमरेला बांधलं. किती वेळा बाहेर काढलं माहीत आहे? चारदा. आणि किती वेळा कुणी ते माझ्याकडून हिसकावायला बघितलं? सहादा. एकदा तर लग्नाच्या जेवणात. नवरीच्या भावानं."

व्हर्लीनला बरं वाटलं. बंदूकवालाच आपल्या बाजूला आला म्हटल्यावर तिनं त्याच्या ताटलीत न विचारता मांसाचा मोठा तुकडा वाढला.

"ते रस्त्यावर, लूमिर," मार्विन म्हणाला. त्यानं पेला खाली ठेवला. "रस्त्यावर तू मागं सरू शकतोस. मदत बोलावू शकतोस. मी पस्तीस हजार फुटांवर कुणाला बोलावू? दार आता पोलादी आहे, मान्य. पण जो कुणी ते फोडेल, त्याला माझ्या मानेपर्यंत यायला दोन पावलं लागतात. दोन. त्या दोन पावलांत माझ्या हातात काय असावं? कॉफीचा पेला?"

पंख्याच्या वाऱ्यानं उडणारा कागदी रुमाल त्यानं पेल्याखाली दाबला.

"न्यूयॉर्कचे मनोरे पडले त्या सप्टेंबरच्या सकाळी आमच्यातले आठ जण गेले," तो आता हळू आवाजात म्हणाला. "आठ वैमानिक. त्यांतल्या एकाबरोबर मी पूर्वी उडलो होतो. शिट्टी वाजवत चेकलिस्ट वाचायचा. तो खुर्चीत बसला होता रे. पाठ दाराकडं. पट्टा बांधलेला."

लूमिरनं मान खाली घातली. मग वहिनीकडं न बघता म्हणाला, "तो म्हणतो त्यात खोटं काही नाही."

झालं, हाही गेला. व्हर्लीनला वाटलं, वाढलेला तुकडा परत उचलावा. पण तिचं स्वतःचंही मन त्या शिट्टीपाशी अडखळलं होतं. त्या माणसाच्या बायकोनं काय वाटेल ते दिलं असतं, नवऱ्याच्या हाताशी काहीतरी असावं म्हणून. आपण कोण तिला नाही म्हणणार? आणि तरीही, सोमवार. तीन दिवसांवर सोमवार.

"मला एवढं सांग," लूमिरनं विचारलं. "विमानात ते ठेवता कसं? नुसतं कमरेला?"

"दार बंद असेतो कमरेला. दार उघडायचं झालं, कुणाला बाहेर जायचं झालं, की कुलूप लावायचं. म्यानाला आरपार भोक असतं, त्यातून कुलपाची कडी घालायची. ती बरोबर चापाच्या मागं जाते. मग चाप ओढताच येत नाही."

"आणि पिस्तूल म्यानात बोटभर वर राहिलं असेल तर?"

"नाही राहत."

"राहिलं तर कडी चापाच्या मागं जाईल की पुढं? पुढं गेली तर कडीच चाप ओढेल."

मार्विनचा हात नकळत रिकाम्या कमरेकडं गेला. "हाताला कळतं."

"हाताला! म्हणजे बघतही नाही. भरलेलं?"

"भरलेलंच. रिकामं कशाला नेऊ, लूमिर?"

"दिवसातून किती वेळा हे काढ-घाल?"

"असेल आठ-दहा वेळा."

लूमिरनं दोन्ही हात टेबलावर टेकले. "भरलेल्या पिस्तुलाच्या चापाशी लोखंडी कडी, चाचपून, दिवसातून दहा वेळा, तेही विमान चालवता चालवता! आम्ही असं केलं असतं तर शेरीफनं आम्हाला बैल राखायला धाडलं असतं. अरे, बंदुकीचा एकच नियम आहे. तिला गरजेपेक्षा जास्त हात लावायचा नाही."

त्या वेळी कॉरीननं मान वर केली. काही बोलेल असं वाटलं. पण बापाच्या अंगावरच्या कोटाकडं, बाहीवरच्या चार सोनेरी पट्ट्यांकडं तिची नजर गेली आणि ती पुन्हा ताटलीकडं वळली. व्हर्लीननं ते पाहिलं. लेक लहानपणी खोटं बोलायची नाही, गप्प बसायची. आणि तिचं गप्प बसणं कुठल्याही खोट्यापेक्षा मोठ्यानं ऐकू यायचं.

"कॉरीन, तुला काय वाटतं ते बोल ना," ती म्हणाली.

"मॉम, आत्ता नको."

"तिला काय बोलायचंय?" मार्विन म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "या घरात जन्मली आहे ती. तिला कुणी सांगायला नको." आणि मग तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडं वळला. तिथं म्हातारा लॅडी कोवार खसखशीची कोलाचे हळूहळू, कणाकणानं संपवत बसला होता. पंख्याच्या घरघरीत त्याला कितीसं ऐकू येत होतं कोण जाणे. "यांना विचारा! यांच्याहून मोठा पुरावा काय हवाय?"

"मार्विन, नको," व्हर्लीन म्हणाली.

"का नको? चौतीस वर्षं नको, नको. लूमिर, तू तेव्हा शाळेत होतास. मी कुठं होतो? मी थायलंडात होतो, जेवणाच्या खोलीच्या फळ्यावर पेपरातला फोटो कुणीतरी डकवला होता. पपा हवानाच्या शिडीवरून उतरताहेत, दोन्ही हात डोक्यावर. सगळ्यांसमोर एक जण म्हणाला, कोवार, हा तुझा बाप का रे? दोन्ही हात छान वर जातात त्याचे." त्यानं कोटाचं बटण उगाच उघडलं, पुन्हा लावलं. "टपाल नेणाऱ्या वैमानिकानं रिव्हॉल्वर बाळगायचं, असा कायदाच होता पूर्वी. पपांनी वर्षानुवर्षं बाळगलं. मग कंपनीनं सगळ्यांची गोळा केली, गरज नाही म्हणाले. आणि सहा-सात वर्षांत एक पोरटं आलं आणि माझ्या बापाला हात वर करायला लावून गेलं. त्या दिवशी ते रिव्हॉल्वर यांच्या हाताशी असतं ना... मी दुसरं काही मागत नाही. माझ्या मुलीचे हात कुणी वर करायला लावू नयेत. बस."

आता व्हर्लीनला कळलं, आणि कळल्यावर तिचा राग ओसरून गेला. तीन वर्षं तिला वाटत होतं की नवऱ्याला पिस्तुलाची आवड आहे. आवड नव्हती ती. बापाचे वर गेलेले हात तो अजून खाली आणू पाहत होता.

"कॉरीन," लॅडी म्हणाला. "तो पंखा बंद कर, बाळ."

"काय, स्टारीचेक?" कॉरीन उठली. या घरात आजोबाला जुन्या देशातल्या शब्दानं स्टारीचेकच म्हणत.

"पंखा. मला ओरडून बोलता येत नाही."

पंख्याची पाती मंदावत मंदावत थांबली. कुंपणाच्या तारेवरचा पक्षी ऐकू येऊ लागला, पत्र्याचं उन्हानं कडकडणं ऐकू येऊ लागलं. म्हाताऱ्यानं बोटांवरची खसखस झटकली.

"ते होतं," तो म्हणाला.

"काय होतं, पपा?"

"रिव्हॉल्वर. कंपनीनं मागितलं तेव्हा मी त्यांना भाऊ जोसेफचं जुनं दिलं. त्यांनी नंबर बघितलाच नाही. माझं माझ्याकडं राहिलं. नकाशांच्या पिशवीत, तळाशी, डाव्या गुडघ्याला लागून. भरलेलं. हवानाच्या दिवशीही तिथंच होतं."

मार्विन एक पाऊल पुढं आला.

"बावीस-तेवीसचा होता पोरगा. एका हातात पेट्रोलची बाटली, दुसऱ्या हातात लायटर. बुटांना नाड्या नव्हत्या. त्या कुठं गेल्या, हेच मी सारखं मनाशी विचारत होतो. मी पिशवीत दोनदा हात घातला. पहिल्यांदा नकाशा काढला, खरंच हवा होता. दुसऱ्यांदा मूठ हातात आली. तो खिडकीतून खाली समुद्र बघत होता. दोन पावलांवर, तू म्हणतोस तेवढ्याच. नेम चुकला नसता माझा."

"मग?" लूमिरनं विचारलं. आवाज पोलिसाचा नव्हता, धाकट्या मुलाचा होता.

"मग त्यानं विचारलं, कॅप्टन, क्युबात मोसंबी होतात का? मी म्हटलं, होतात, पुष्कळ. आणि हात बाहेर आला." म्हातारा आपल्या हाताकडं बघत राहिला. "पुढं मी हिशोब जमवला. बाटली पडली असती, पेटलं असतं, मागं चौऱ्याण्णव माणसं. हिशोब खरा आहे, पण तो नंतरचा. त्या घडीला हिशोब नव्हता. मला त्या पोराला मारायचं नव्हतं, एवढंच होतं. हवानाला सैनिक म्हणाले हात वर, मी केले. पिशवी त्यांनी ठेवून घेतली. त्यांनी नंतर ती उघडली असेल तेव्हा मोठी गंमत वाटली असेल त्यांना."

"तुम्ही सांगितलं का नाहीत?" मार्विन म्हणाला. "पपा, एवढी वर्षं! अहो, एकदा तरी!"

"काय सांगू? ज्याच्याकडं नसतं त्याला लोक माफ करतात. असून ज्यानं चालवलं नाही त्याला जन्मभर विचारत बसतात. कंपनीनं विचारलं असतं, पेपरवाल्यांनी विचारलं असतं. त्यांचं सोड. तू विचारलं असतंस, थायलंडहून सुट्टीवर येऊन, गणवेशात, माझ्यासमोर उभा राहून." त्यानं टेबलावरची खसखस बोटानं गोळा केली. "रिव्हॉल्वर नव्हतं असं मी कधी म्हणालो नाही. तुम्हीच सगळ्यांनी ठरवलंत. मला सोयीचं पडलं. अल्बिनालाही सांगितलं नाही. ती त्या पिशवीत डबा भरून ठेवायची."

त्यानं पाण्याचा घोट घेतला. कॉरीन त्याच्या खुर्चीमागं उभी होती, तिचा हात त्याच्या खांद्यावर होता.

"आणि पोरीला अडवायला मी हे सांगत नाही," तो म्हणाला. "तिला जावंसं वाटलं तर जावं. दुसऱ्या दिवशी दुसरा कुणी आला असता, नाड्या घट्ट बांधलेला, तर मी काय केलं असतं मला ठाऊक नाही. त्या आठ जणांच्या जागी मी नव्हतो. पण मार्विन, माझ्यासाठी तिला पाठवू नकोस. मी रिकाम्या हातानं बसलो नव्हतो तिथं."

मार्विन खाली बसला. खुर्ची कुठं आहे हे न बघता बसला, ती होती हे नशीब. त्यानं दोन्ही तळवे चेहऱ्यावर घेतले आणि त्याचे खांदे हलायला लागले. व्हर्लीन धावली. तिला वाटलं, मोडला. जवळ जाऊन पाहते तर तो हसत होता. रडतही होता, पण हसणं वरचढ होतं.

"जोसेफचं दिलं!" तो म्हणाला. "व्हर्लीन, ऐकलंस? गंजकं! कोंबड्यांच्या खुराड्यात सापडलं होतं म्हणतात ते!"

"त्यानं ससाही मेला नसता," लॅडी म्हणाला.

"पपा, मी... मला वाटायचं तुम्हाला त्यांनी..." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "तुम्ही ठरवून बसला होतात तिथं. तुम्ही ठरवलंत."

"ठरवलं म्हण हवं तर."

मार्विन उठला, कोट उतरवला आणि खुर्चीच्या पाठीला टाकला. दुपारपासून पहिल्यांदाच. आतल्या पांढऱ्या शर्टाची पाठ घामानं ओलीचिंब होती. चौतीस वर्षं कानाजवळ चढलेले त्याचे खांदे उतरलेले व्हर्लीनला दिसले, आणि तिला वाटलं, सकाळी बंबांनी विमान धुतलं, माणूस आत्ता न्हाला. लूमिर उगाच मोठ्यानं नाक शिंकरत होता आणि खसखशीला दोष देत होता.

मग मार्विन लेकीकडं वळला. आवाजात मघाचा जोर उरला नव्हता.

"बाळ, मी तुला न विचारताच सगळ्यांना सांगून टाकलं. तुझं तू सांग. सोमवारी जायचंय तुला?"

कॉरीननं आजोबांच्या खांद्यावरचा हात काढला नाही.

"मी कळवून टाकलंय, डॅडी. मंगळवारी रात्री, हॉटेलवरून. येत नाही म्हणून लिहिलं."

व्हर्लीननं टेबलाची कड धरली. लेकीला मिठी मारावी असं तिच्या मनात आलं, पण लेकीचं बोलणं संपलेलं नाही हे तिला दिसत होतं.

"मंगळवारीच?" मार्विन म्हणाला. "चार दिवस माझ्या शेजारी बसलीस, आणि बोलली नाहीस?"

"तुमची शेवटची फेरी होती. कशी बोलू?"

"आता बोल. मी रागावणार नाही. तुझ्या आईची शपथ."

"माझी कशाला?" व्हर्लीन म्हणाली, पण हळू.

कॉरीननं एकदा आईकडं पाहिलं, एकदा लूमिरकडं, आणि मग सरळ बापाच्या डोळ्यांत.

"मंगळवारी ओमाहाला उतरताना विमान माझ्या हातात होतं, रेडिओ तुमच्याकडं होता. उतरल्यावर दार उघडायचं म्हणून तुम्ही कुलूप लावायला घेतलंत आणि कडी भोकात अडकली. तुम्ही मान खाली घालून तिच्याशी झटत होतात. टॉवरनं आपल्याला उतरू नका, पुन्हा वर जा म्हणून सांगितलं, पट्टीवर दुसरं विमान होतं. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तुम्हाला ऐकू गेलं नाही, डॅडी. उत्तर मी दिलं."